बाबा देवावर रुसलेत, त्यांना कसं समजवू? कॅन्सर आणि श्रद्धेबद्दल वाचकांची पत्रं

मागच्या अंकात केमोच्या दिवसातल्या खाण्यापिण्यावर लिहिलं होतं आणि शेवटी सहज विचारलं होतं की आजारपणात तुमच्या घरी देवाधर्माचं काय काय चालतं ते कळवा. त्यावर इतकी पत्रं, मेल आणि व्हॉट्सअॅप मेसेज आलेत की हा सगळा अंक त्यालाच देतेय. नावं सगळ्यांची काढली आहेत, गाव तेवढं ठेवलंय. मी कॅन्सरच्या पेशंटसोबत समुपदेशनाचं काम करते, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाच्या बाबतीत तुमचे ऑन्कोलॉजिस्ट सांगतील तेच खरं.

प्रश्न: ताई, माझे बाबा ६४ वर्षांचे. गळ्यात तुळशीची माळ, रोज संध्याकाळी देवळात हरिपाठ, कधी तंबाखू नाही की दारू नाही, आणि त्यांनाच अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनच्या आधी सिस्टरनी माळ काढायला लावली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर नाव आणि बेड नंबरचं स्टिकर लावून माझ्या हातात दिली. घरी आल्यावर बाबांनी ती परत घातलीच नाही. पिशवी तशीच कपाटात आहे. देवघराकडे फिरकत नाहीत, हरिपाठाला बोलवायला कोणी आलं तर झोपल्याचं सोंग घेतात. आई घाबरलीय, म्हणते देव अजून कोपेल. रोज त्यांना टोकते आणि मग भांडणं. बाबांना कसं समजवू? (एक मुलगी, बार्शी)

उत्तर: समजवायला जाऊच नकोस गं. बाबा रुसलेत, आणि रुसायला त्यांना कारण आहे. आयुष्यभर ज्याचं नाव घेतलं त्याने ऐन वेळेला पाठ फिरवली असं त्यांना वाटतंय, आणि ते कोणाजवळ बोलायची सोय नाही कारण बोललं की आई घाबरते. आईला एवढं नक्की सांग की आपल्याकडे विठ्ठलाशी भांडणं ही नवी गोष्ट नाही, नामदेव, जनाबाई, तुकोबा सगळ्यांनी त्याला चार शब्द सुनावलेत, तेही सगळ्यांसमोर, आणि त्यामुळे त्यांची भक्ती कमी आहे असं कोणी म्हणत नाही.

यावर अभ्यासही झालाय. केनेथ पार्गामेंट नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, संकटात माणूस धर्माचा आधार कसा घेतो यावर त्यांनी खूप वर्षं काम केलंय. त्यांच्या टीमने त्यासाठी १४ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली केली, ७ प्रश्न आधार देणाऱ्या गोष्टींचे (देव सोबत आहे असं वाटणं, त्याच्यावर भार टाकून मोकळं होणं वगैरे) आणि ७ प्रश्न ओढाताणीचे, म्हणजे देवाने मला टाकलं का, ही शिक्षा आहे का, त्याचं माझ्यावर प्रेम उरलंय का. २००१ साली त्यांचा एक अभ्यास आला, ५५ च्या पुढच्या ५९६ आजारी माणसांना दोन वर्षं फॉलो केलं होतं, त्यात ही ओढाताण ज्यांच्या मनात होती त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. हे वाचून लगेच आईसारखी घाबरू नकोस, ती सगळी माणसं कॅन्सरची नव्हती आणि रागामुळे माणूस दगावतो असा त्याचा अर्थ अजिबात नाही. त्याच टीमने पुढे बघितलं तेव्हा जास्त त्रास त्यांना झाला ज्यांची ही ओढाताण दोन वर्षांनंतरही तशीच राहिली. म्हणून बाबांचा राग दाबू नका, बाहेर येऊ द्या, आणि तो ऐकणारं एक माणूस घरात हवं. ते तू हो.

आता एक गोष्ट, जी तुझ्या पत्रात नाहीये पण मला सारखी वाटतेय. अन्ननलिकेच्या ऑपरेशननंतर कितीतरी जणांचा आवाज बसतो, दम पुरत नाही, आणि खाली वाकलं की पोटातलं आंबट वर येतं. टाळ घेऊन उभं राहून हरिपाठ म्हणणाऱ्या माणसाचा आवाजच गेला असेल, देवापुढे वाकून नमस्कारही करता येत नसेल, तर तो चारचौघात जाईल कशाला? झोपल्याचं सोंग कदाचित देवापासून नसेल, गावातल्या माणसांपासून असेल. एकदा दोघंच असाल तेव्हा विचारून बघ, "बाबा, म्हणायला त्रास होतो का?" आणि दुसऱ्या दिवशी, "विठोबाचा राग आलाय का?" विचार आणि गप्प बस. देव परीक्षा बघतो, चांगल्या माणसांच्याच वाट्याला येतं, असली वाक्यं तुझ्या तोंडून येऊ देऊ नकोस, ती त्यांना पाहुण्यांनी शंभर वेळा ऐकवली असतील. आवाजाचं खरंच असेल तर सर्जनला सांग, स्पीच थेरपीने बऱ्याच जणांना फरक पडतो.

आईला हरिपाठ म्हणायचा असेल तर तिने तिच्यासाठी म्हणावा, बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात मुद्दाम नको. माळ कपाटात कुठे आहे ते बाबांना एकदा सांगून ठेव, परत विषय नको. आणि त्यांनी ती कधीच घातली नाही तरी ते तुझे बाबाच आहेत, त्यांचा तो हक्क आहे. फक्त खाणं सोडणं, रात्र रात्र जागं राहणं, कोणाशीच न बोलणं, "मला आता जगायचं नाही" असं म्हणणं यातलं काही दिसलं तर ते डिप्रेशन असू शकतं, त्यावर औषध आहे, डॉक्टरांना लगेच सांग.

प्रश्न: आईला ब्रेस्ट कॅन्सर आहे, दर २१ दिवसांनी केमो. लग्न झाल्यापासून तिची वारी चुकलेली नाही आणि यंदाही जायचंच म्हणतेय, "मेले तर वाटेत मेले, त्याहून चांगलं मरण कुठलं". डॉक्टर फक्त नाही म्हणाले, कारण सांगितलं नाही त्यामुळे ती ऐकत नाही. (एक मुलगा, अहिल्यानगर)

उत्तर: कारण सांगायलाच हवं, नाहीतर तिला वाटणार डॉक्टरला वारीचं काय कळतं. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या मधे पांढऱ्या पेशी खूप खाली येतात, त्या काळात साधं इन्फेक्शनही अंगावर येऊ शकतं. लाखोंची गर्दी, तंबूत दाटीवाटीने झोपणं, टँकरचं पाणी, चंद्रभागेचं स्नान (आणि औषध द्यायला हातात पिक लाइनची नळी किंवा छातीत पोर्ट बसवलेलं असेल तर नदीत बुडी बिलकुल नाही), हे सगळं त्या दिवसात जिवावर बेतू शकतं. ताप १००.४ म्हणजे ३८ डिग्रीला गेला की गोळी घेऊन झोपायचं नसतं, त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं असतं, आणि पालखीच्या गर्दीतून ते कसं गाठणार? शिवाय पॅक्लिटॅक्सेलसारखं औषध चालू असेल तर तळपाय बधिर होतात, अनवाणी चालताना काटा घुसला तरी कळत नाही. "पाऊलभर तरी अनवाणी" असा नवस बोललेल्या बायका मी कितीतरी बघितल्यात, आणि पायाची जखम महिनाभर न भरल्याने केमो पुढे ढकलावी लागलेल्याही.

पण नुसतं नाही म्हणून सोडू नका, तिला वारीतलं नेमकं काय हवंय ते विचारा. चालणं हवंय, विठ्ठल हवाय की दिंडीतल्या मैत्रिणी? आमच्याकडच्या बायकांना बऱ्याचदा मैत्रिणी हव्या असतात, कारण वर्षातले तेच दिवस त्यांचे स्वतःचे असतात. दिंडीतल्या बायकांना सांगा, रोज मुक्कामावरून एक व्हिडिओ कॉल करा. आणि पंढरपूर पुढच्या केमोच्या आदल्या दोन-तीन दिवसात, जेव्हा पेशी परत वर आलेल्या असतात तेव्हा, सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी करून डॉक्टरांना दाखवून, एकादशीची गर्दी टाळून गाडीने करता येतं. मास्क लावून कळसाचं दर्शन घ्यायचं आणि परत फिरायचं. आत रांगेत उभं राहता न येणारे वारकरी पूर्वीपासून कळसाला हात जोडूनच वारी पुरी करतात, हे तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, फक्त कोणीतरी म्हणायला हवं. वाटलं तर डॉक्टरांना विचारा केमोची पुढची तारीख दोन-चार दिवस पुढे घेता येईल का, ते ठरवतील. एकादशीचा उपास करायचाच असेल तर दूध उकळून, राजगिरा, शेंगदाणे, भगर, भरपूर पाणी असा करू दे. निर्जळी नाही म्हणजे नाही.

प्रश्न: अंगारा, तीर्थ, पंचामृत, गंडादोरा चालतो का? (हे इतक्या जणांनी विचारलंय की गाव कुठलं लिहू)

उत्तर: अंगारा कपाळाला लावा, पोटात नको, त्यात काय मिसळलंय ते कोणालाच माहीत नसतं. रेडिएशन चालू असेल तर त्या भागाच्या कातडीवर अंगारा, गंध, हळद, तेल काहीही नाही, आणि तिथे पेनाने केलेल्या खुणा आंघोळीत चोळून पुसायच्या नाहीत. मेंदूच्या किंवा घशाच्या रेडिएशनसाठी चेहऱ्यावर घट्ट जाळीचा मास्क बसवतात, त्याच्या आधी कपाळ स्वच्छ लागतं, अष्टगंध घरी आल्यावर डॉक्टरांना विचारून. तीर्थ आणि पंचामृत पांढऱ्या पेशी कमी असताना बाहेरचं घेऊ नका, घरी उकळलेल्या पाण्याचं आणि तापवलेल्या दुधाचं करा, देवाची काही हरकत नसावी. दोरा सलाइन नसलेल्या हाताला बांधा, ओला-मळका झाला की बदला, धातूचा ताईत एमआरआयच्या आधी काढावाच लागतो. मंगळसूत्राचंही तेच, ऑपरेशनला किंवा स्कॅनला काढलं म्हणून काही अशुभ होत नाही, सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा म्हणजे ऐन वेळी थिएटरच्या दाराशी रडारड होत नाही. काढे, भस्मं, पानांचे रस डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नकोत, लिव्हर आधीच केमोने दमलेलं असतं. आणि घरी ऑक्सिजन लावला असेल तर त्या खोलीत समई, निरांजन, उदबत्ती, मेणबत्ती काही पेटवू नका. हे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा.

प्रश्न: मी ३८ वर्षांची, एक ब्रेस्ट काढलंय, केस गेलेत. सासरचे म्हणतात कुलदैवताचा नवस फेडायचा राहिला म्हणून हे झालं. जाऊबाईंनी या वर्षी हळदीकुंकवाला बोलावलं नाही, मुलाच्या मुंजीत मला मागच्या रांगेत बसवलं. आता मलाच वाटायला लागलंय की खरंच माझ्याकडून काही राहिलं असेल. (कोल्हापूर)

उत्तर: काहीही राहिलेलं नाही. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. पेशी रोज आपली कॉपी काढत असतात, त्यात चुका होतात, बहुतेक चुका शरीर दुरुस्त करतं, एखादी सुटते आणि तिथून गाठ सुरू होते. ब्रेस्ट कॅन्सरच्या साधारण ५ ते १० टक्के बायकांमध्ये तो बीआरसीएसारख्या जीनमधून, आईकडून किंवा वडिलांकडून, आलेला असतो, बाकी वय, हार्मोन, वजन, दारू अशी कारणं असतात आणि कितीतरी जणींच्या बाबतीत एक ठाम कारण बोट ठेवून दाखवताच येत नाही. या यादीत नवस कुठेच नाही. तुमचं वय कमी आहे म्हणून जेनेटिक टेस्टबद्दल मात्र डॉक्टरांना नक्की विचारा, पुढे मुलीला किंवा बहिणीला त्याचा उपयोग होईल.

घरच्यांना कारण हवं असतं कारण कारण नसलं की भीती वाटते, उद्या आपल्यालाही होईल. ती भीती ते तुमच्या डोक्यावर ठेवतात. हा अन्याय आहे, आणि धर्माच्या नावाने केला म्हणून तो कमी होत नाही. मला या गोष्टीचा सगळ्यात जास्त राग येतो, कारण ज्या श्रद्धेने बाईला रात्रीची झोप लागावी तीच श्रद्धा तिच्या उशाला काटा म्हणून ठेवली जाते. गाडगे महाराज हातात खराटा घेऊन गावोगाव कीर्तन करायचे, आयुष्यभर देवाचं नाव घेतलं आणि त्याच कीर्तनात नवस, बळी, कर्ज काढून केलेले धार्मिक सोहळे यांच्यावर सडकून बोलले. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आज परळच्या टाटा हॉस्पिटलला येणाऱ्या पेशंटच्या राहण्याच्या कामी येते. सासरच्यांना हे उदाहरण द्या, देवाचाच माणूस आहे, ऐकतील.

नवस तुम्हाला स्वतःला फेडावासा वाटत असेल तर बरं वाटल्यावर नवऱ्यासोबत जाऊन या, दंड म्हणून नाही, मन भरून यावं म्हणून. कर्ज काढून, ट्रीटमेंट थांबवून नाही. आणि हळदीकुंकू तुमच्या घरी करा. केमोची तारीख बघून, थोड्याच बायका, डोक्याला स्कार्फ किंवा तोही नाही, जसं तुम्हाला आवडेल तसं, आणि तुमच्या वॉर्डातल्या एक-दोन मैत्रिणींना पहिलं बोलावणं. नवऱ्याने मात्र जाऊबाईंशी बोलायला हवं, ते काम तुमचं नाही. कॅन्सर स्पर्शाने होत नाही एवढं एक वाक्य तरी त्यांनी सगळ्यांसमोर म्हणावं.

प्रश्न: आम्ही बौद्ध, देव मानत नाही. वॉर्डात सगळे म्हणतात देवाचं नाव घ्या, बरं वाटेल. नाही म्हटलं की गर्विष्ठ समजतात. देव नसलेल्याने आधार कशाचा घ्यायचा? (नागपूर)

उत्तर: जय भीम. देव मानला तरच आधार मिळतो असं काही नाही. हॉस्पिसची, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटला शेवटच्या दिवसात सांभाळणाऱ्या केंद्रांची, चळवळ उभी करणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी (त्यांचं लंडनचं सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस १९६७ चं) दुखण्याचे चार पदर मानले, शरीराचं, मनाचं, नात्यांचं आणि आत्मिक. हा चौथा पदर म्हणजे माझ्या जगण्याला अर्थ काय होता, माझ्यामागे काय राहणार, मी कोणाचा आहे. हे प्रश्न नास्तिकालाही पडतात. तुमच्याकडे त्रिसरण-पंचशील आहे, वंदना आहे, आनापान आहे, आणि आनापानला फक्त श्वास लागतो, सलाइन चालू असताना बेडवर पडूनही करता येतं. पहाटे धाप लागली, भीती वाटली की नाकपुडीशी श्वासावर लक्ष ठेवून दहा मिनिटं करून बघा. (विपश्यनेचं १० दिवसांचं शिबिर ट्रीटमेंट चालू असताना नको, ते नंतर.) मागच्या जन्माचं कर्म कोणी काढलं तर सरळ सांगा की बाबासाहेबांनी ही कल्पनाच नाकारली आहे आणि आम्हीही नाकारतो. विहारातल्या दोघा-तिघांना हॉस्पिटलात भेटायला बोलवा, तुमच्या बाजूची माणसं दिसली की वॉर्डातलं बोलणं आपोआप कमी होतं.

प्रश्न: अम्मीची केमोच्या गोळ्यांची ट्रीटमेंट चालू आहे, रमजानचे रोजे सोडायला तयार नाही. (मालेगाव)

उत्तर: कुराणातच, सूरह बकरामध्ये, आजारी माणसाला रोजे नंतर पुरे करण्याची सवलत दिलेली आहे, आणि पुढेही जमण्यासारखं नसेल तर फिदया, म्हणजे गरिबाला जेवण. अम्मीला हे माहीत असणार, पण सवलत घेतली की आपण कमी पडलो असं वाटतं. म्हणून हे तुम्ही सांगू नका, ती ज्यांचं ऐकते त्या मौलानांना घरी बोलवून त्यांच्या तोंडून ऐकू द्या. कॅपेसिटाबिनसारख्या गोळ्या दिवसातून दोनदा, जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत घ्यायच्या असतात, आणि जुलाब लागले तर दिवसभर पाणी नसणं किडनीला महागात पडतं. नमाज, तिलावत, दुआ, इफ्तारला सगळ्यांसोबत दस्तरखानावर बसणं, हे सगळं तिचं आहेच की. फिदयाचं जेवण तिच्या हाताने दिलं जाईल असं बघा, थोडंसं का होईना.

प्रश्न: आजोबांना प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात गेलाय. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलंय पण ते घेत नाहीत. म्हणतात भोग आहेत ते इथेच भोगून संपवायचे, नाहीतर पुढच्या जन्मी घेऊन जावे लागतील. आणि शेवटच्या क्षणी रामाचं नाव तोंडात यावं, नशेत जायचं नाही. रात्रभर कण्हतात, आम्हाला ऐकवत नाही. (रत्नागिरी)

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आजोबांचं म्हणणं खोटं ठरवायला जाऊ नका, ते ज्या विश्वासावर ऐंशी वर्षं जगले तो आता शेवटी कोणी ओढून काढू नये. पण त्यांच्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नशेची भीती औषधाच्या माहितीने जाते. तोंडाने घ्यायचं मॉर्फिन लहान डोसपासून सुरू करतात, साधारण दर चार तासांनी, पहिले दोन-चार दिवस झोप येते, मग बहुतेकांची ती कमी होते आणि माणूस नीट बोलतो, ओळखतो, जप करतो. बद्धकोष्ठ मात्र होतंच, त्याचं औषध सोबत चालूच ठेवावं लागतं. योग्य डोसने आयुष्य कमी होत नाही आणि डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे दुखण्यासाठी घेणारा माणूस सहसा व्यसनीही होत नाही. त्यांना विचारा, "आजोबा, काल रात्री किती वेळा नाव घेता आलं?" कण्हण्यात रात्र गेली असेल तर उत्तर त्यांना स्वतःला माहीत आहे. तीन दिवस घेऊन बघू, मन धूसर झालं तर बंद करू, निर्णय तुमचा, असं सांगितलं की माझ्या अनुभवात पुष्कळ जुनी माणसं तयार होतात.

भोगाचं मात्र डॉक्टर सांगू शकत नाहीत, मीही नाही. ते ज्यांना मानतात असे गुरुजी, कीर्तनकार, कोणी वडीलधारं असेल तर त्यांना बोलवा, आणि यायच्या आधी त्यांच्याशी फोनवर बोलून घ्या की औषध घेणं म्हणजे भोग चुकवणं नव्हे एवढं सांगायचंय. सगळं करून आजोबा नाहीच म्हणाले तर जबरदस्ती नको, दुधातून लपवून तर मुळीच नको. हाडाच्या दुखण्यावर रेडिएशनचा एखादा डोस, दुसरी औषधं असे इतर मार्गही आहेत, ते विचारा. मॉर्फिन मिळायला त्रास होत असेल तर पॅलिएटिव्ह केअर सेंटर, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करण्यावर उपचार करणारं केंद्र, शोधा. २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलून ते थोडं सोपं झालंय. आपल्याकडचं पहिलं हॉस्पिस, वांद्र्याचं शांती अवेदना सदन, १९८६ पासून चालू आहे आणि गोव्यातही त्यांचं केंद्र आहे, तुम्हाला कोकणातून ते कदाचित जवळ पडेल.

प्रश्न: भावाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर, स्टेज २, डॉक्टर म्हणतात बरा होईल. पण एका महाराजांनी सांगितलं केमो-ऑपरेशन करू नका, मी विभूती आणि मंत्राने गाठ वितळवतो, आणि ५१ हजार घेतले. भाऊ ऑपरेशनची तारीख सोडून तिकडे जातोय. (पुणे)

उत्तर: इथे मी गोड बोलणार नाही. बरा होणारा कॅन्सर हातातून घालवायचा हा रस्ता आहे. २०१८ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला, ब्रेस्ट, फुप्फुस, प्रोस्टेट आणि आतड्याच्या न पसरलेल्या कॅन्सरमध्ये ज्यांनी नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार केले अशी २८१ माणसं होती, त्यांच्यात मृत्यूचा धोका उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट निघाला. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या जादुई उपायांच्या कायद्याने गुन्हा आहे, महाराजांचं पत्रक किंवा यूट्यूबचा व्हिडिओ असेल तर जपून ठेवा. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा वेळी सोबत येतात, पोलिसांकडे जातानाही.

पण भावाशी बोलताना महाराजांना शिव्या देऊ नका, तो अजून तिकडे सरकेल. तो घाबरलाय. पोटावर पिशवी लागेल का, पैसा किती, नोकरी राहील का, याचं उत्तर त्याला कोणी शांतपणे दिलेलं नसणार, महाराजांनी मात्र दोन तास बसवून हात डोक्यावर ठेवला. सर्जनची वेगळी वेळ घेऊन हेच सगळे प्रश्न कागदावर लिहून न्या, आणि ज्याचं हेच ऑपरेशन झालंय असा एखादा पेशंट त्याला भेटवा. आणि त्याला म्हणा, विभूती लाव, मंत्र म्हण, ऑपरेशनच्या दिवशीही म्हण, पण तारीख सोडू नकोस. जो म्हणतो माझ्याकडे यायचं तर डॉक्टर सोड, त्याच्याकडे जाऊ नकोस. तारीख गेलीच असेल तर आजच फोन करून नवीन घ्या.

प्रश्न: मी कॅन्सर वॉर्डात स्टाफ नर्स आहे. पेशंट विचारतात "सिस्टर, देव मला बरं करेल ना?" नातेवाईक म्हणतात चमत्कार होईल, व्हेंटिलेटर काढायचा नाही. मी ख्रिश्चन, पेशंट सगळ्या धर्माचे, काय बोलावं कळत नाही. (लातूर)

उत्तर: तुम्ही विचारलंत याचाच मला आनंद झाला, कारण हा विषय बहुतेक ठिकाणी कोणी काढतच नाही. २००७ मध्ये अमेरिकेत पुढच्या स्टेजच्या २३० पेशंटना विचारलं होतं, ८८ टक्के म्हणाले धर्म आमच्यासाठी महत्त्वाचा आहे आणि ७२ टक्के म्हणाले हॉस्पिटलकडून आमच्या या गरजेला थोडाच आधार मिळाला किंवा काहीच नाही. तिथे निदान हॉस्पिटलात धर्मगुरू नेमलेले असतात, आपल्याकडे ते काम वॉर्डबॉय, आया आणि तुम्हीच करता, नाइट ड्यूटीला.

ॲडमिशनच्या वेळी चार साधे प्रश्न विचारत जा (क्रिस्टिना पुचाल्स्की नावाच्या डॉक्टरांनी ही पद्धत बसवली, मी आपल्या भाषेत सांगते). तुम्ही कशावर विश्वास ठेवता? या आजारपणात त्याचा किती आधार वाटतो? देवळातली, चर्चमधली, मंडळातली कोणी माणसं आहेत का सोबत? आणि आम्ही त्यात काय मदत करू? उत्तर फाइलवर एका ओळीत लिहा. पेशंटला शुक्रवारी नमाजच्या वेळी ड्रेसिंग नकोय, आजींना पोथी वाचायला चष्मा आणि दिवा हवाय, एवढं कळलं तरी खूप झालं.

"देव बरं करेल ना" याला हो किंवा नाही म्हणू नका. "तुम्ही काय मागताय देवाकडे?" असं विचारा, पुढचं ते सांगतील, कधी कधी बरं होण्यापेक्षा मुलीचं लग्न बघायचं असतं. सोबत प्रार्थना करा म्हणाले तर त्यांच्या पद्धतीने हात जोडून गप्प उभं राहिलं तरी पुरतं, आपली प्रार्थना त्यांच्यावर घालायची नाही.

चमत्काराचं अवघड आहे. २००९ च्या एका अभ्यासात ज्या पेशंटचा देवाधर्माचा आधार जास्त होता त्यांच्यातल्या ११.३ टक्के जणांना शेवटच्या आठवड्यात व्हेंटिलेटर लागला, बाकीच्यांत ३.६ टक्के. म्हणजे आशा धरणारी माणसं शेवटपर्यंत सगळं करून बघतात, आणि त्यांना "आता काही उपयोग नाही" म्हटलं की ती ऐकणं बंद करतात. नातेवाइकांना म्हणा, "चमत्कार झाला तर मला पण हवाच आहे. तो झाला नाही तर आईला शेवटचे दिवस कुठे आणि कसे आवडले असते, त्या कधी बोलल्या होत्या का?" हे विचारणं व्हेंटिलेटर लागायच्या आधी, माणूस बोलतोय तोपर्यंत करायला हवं, डॉक्टरांच्या मागे लागून घरच्यांसोबत मीटिंग ठरवा. आणि वॉर्डच्या डायरीत मागच्या पानावर गावातले फादर, मौलाना, भंतेजी, भजनी मंडळ, गुरुद्वारा यांचे फोन नंबर लिहून ठेवा, रात्री दोन वाजता कोण येऊ शकतं ते आधीच विचारून.